सालीतलं गोल्ड स्पॉट

रसरशीत संत्री आणायची, रस काढायचा, साखर घालायची आणि वरून गार सोडा ओतायचा. लहानपणचं गोल्ड स्पॉट घरी करून बघावं असं मनात आलं की बहुतेकांची पहिली कृती हीच असते. ग्लास छान दिसतो, चवही वाईट नसते. पण ऐंशीच्या दशकात लग्नाच्या हॉलवर किंवा एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये ज्यांनी गोल्ड स्पॉट प्यायलंय, त्यांच्या हातात तो ग्लास दिला तर एका घोटात निकाल लागतो. सरबत आहे, गोल्ड स्पॉट नाही!

गंमत अशी की मूळ गोल्ड स्पॉटमध्ये संत्र्याचा रस नव्हताच. साखर, पाणी, आंबटपणा, गॅस, रंग आणि कृत्रिम सुवास एवढ्यावर ते चालायचं. मग ज्यात संत्रं नाही ते झणकन संत्र्यासारखं लागायचं आणि ज्यात चार संत्री पिळली ते मिळमिळीत का लागतं? या कोड्याचा उलगडा झाला की घरी कृती बसवणं बरंच सोपं होतं.

## बाटली गेली कुठे?

गोल्ड स्पॉट हे मुंबईच्या पारले कंपनीचं पेय, पन्नासच्या दशकापासूनचं. १९७७ मध्ये कोका-कोला भारतातून बाहेर पडली. परकीय भांडवलाचा वाटा ४० टक्क्यांवर आणा, असा जनता सरकारचा आग्रह होता आणि जॉर्ज फर्नांडिस तेव्हा उद्योगमंत्री होते. पुढची पंधराएक वर्षं देशी पेयांची होती. पारलेची थम्स अप, लिम्का आणि गोल्ड स्पॉट, दिल्लीची कँपा कोला, शिवाय सरकारनेच बाजारात आणलेलं 'डबल सेव्हन'.

१९९३ मध्ये कोका-कोला परत आली आणि तिने पारलेचे हे ब्रँड विकत घेतले. थम्स अपचे चाहते हटेनात, त्यामुळे ते टिकलं. गोल्ड स्पॉटचं दुर्दैव असं की नव्या मालकाच्या घरात संत्र्याच्या चवीचं फँटा आधीपासूनच होतं. एका दुकानात एकाच कंपनीची दोन नारिंगी पेयं कशाला? गोल्ड स्पॉट हळूहळू दिसेनासं झालं. कँपाचा ब्रँड २०२२ मध्ये रिलायन्सने घेतला आणि ते पुन्हा बाजारात आलं. गोल्ड स्पॉटच्या वाट्याला तसं पुनरागमन आलेलं नाही.

अशा पेयांची कृती छापून मिळत नाही. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते आणि २० वर्षांनी ती कोणालाही वापरता येते. म्हणून कंपन्या ती गुपित ठेवणंच पसंत करतात. आपण मात्र चाखून, अंदाज बांधून तशी चव घरी तयार केली तर त्यात गैर काही नाही. ते नाव लावून विकायला गेलात, तर ती वेगळी गोष्ट.

## आधी गोड-आंबटाचा हिशेब

कुठलंही नारिंगी पेय पाच गोष्टींनी बनतं: गोडी, आंबटपणा, वास, गॅस आणि रंग. या पाचही सुट्या आहेत, म्हणजे एक बदलताना बाकीच्या चार तशाच ठेवता येतात. सगळं एकदम जुळवायला गेलं की काय चुकलं ते कळत नाही. म्हणून एकेक बघू.

पेयांच्या कारखान्यात गोडी 'ब्रिक्स' या मापाने मोजतात. १२ ब्रिक्स म्हणजे १०० ग्रॅम पेयात १२ ग्रॅम साखर. नारिंगी पेयं साधारण १२ ते १३ ब्रिक्सची असतात. म्हणजे २०० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे २५ ग्रॅम, अर्थात पाच-सहा चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात वरून घातलेली साखर शक्यतो एवढीच असावी असं सुचवते. तेव्हा हे पेय सणावाराचंच.

इतकी साखर नुसत्या पाण्यात घातली तर पिववत नाही. तिला तोलून धरतं ते सायट्रिक अ‍ॅसिड. बाजारात ते लिंबूसत्त्व किंवा लिंबाचं फूल म्हणून मिळतं. लिटरला दीड-दोन ग्रॅम पुरतं. साखर तीच ठेवून अ‍ॅसिड अर्ध्या ग्रॅमने वाढवलं, तरी पेय कमी गोड वाटू लागतं.

आता रस का हरतो ते बघा. संत्र्याच्या रसाची गोडी १०-११ ब्रिक्स असते, म्हणजे बाटलीतल्या पेयाच्या जवळपास. त्यात निम्मा सोडा ओतला की ती पाचावर येते. वरून साखर घालून गोडी भरून काढता येते, पण रसाचा वासही निम्मा झालेला असतो आणि तो भरून काढायला आपल्याकडे काही नसतं. शिवाय रसातला चोथा गॅस टिकू देत नाही. त्याच्या प्रत्येक कणाभोवती बुडबुडे जमतात, फेस येतो आणि सोडा बघता बघता निपचित पडतो.

रसाची आणखी एक खोड मोसंबी पिणाऱ्यांना ठाऊक आहे. काढल्या काढल्या गोड असलेला रस तासाभराने कडू लागतो. फळात असताना निर्धोक असलेलं एक द्रव्य रसाच्या आंबटपणात हळूहळू 'लिमोनिन' या अतिकडू पदार्थात बदलतं, त्याचा हा परिणाम. महिनोन्‌महिने बाटलीत राहणाऱ्या स्वस्त पेयात रस न घालण्यामागे असली व्यावहारिक कारणं भरपूर आहेत.

## वास रसात कमी, सालीत जास्त

नाक घट्ट दाबून नारिंगी पेयाचा एक घोट घ्या. जिभेला फक्त गोड, आंबट आणि झिणझिण्या कळतील. ते संत्र्याचं आहे, लिंबाचं की अननसाचं, हे सांगता येणार नाही. नाक सोडलं की तत्क्षणी 'संत्रं' हजर. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशातून मागच्या वाटेने नाकात पोचलेला वास असतो.

संत्र्याचा हा वास मुख्यतः सालीत साठलेला असतो. साल उजेडात धरून निरखून पाहिली तर तिच्यावर बारीक बारीक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या पिशव्या. साल वाकवून दाबली की त्यांतून तुषार उडतात. तेच तुषार पेटत्या निरांजनाच्या ज्योतीवर उडवले तर चरचर करत ठिणग्या फुलतात, कारण ते शुद्ध तेल असतं. (हात आणि पदर लांब ठेवा.) पाण्याने भरलेल्या ताटलीवर उडवले तर पृष्ठभागावर इंद्रधनुषी पापुद्रा पसरतो.

या तेलाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग 'लिमोनीन' नावाचं एकच द्रव्य असतं. मघाचं कडू लिमोनिन आणि हे लिमोनीन यांची नावं सारखी, पण पदार्थ अगदी वेगळे. संत्र्याला संत्रंपण देतात ते उरलेल्या थोड्या टक्क्यांतले ऑक्टॅनल, डेकॅनल, सिनेन्सल असे घटक. ते नखभर असतात, पण नाकाला ते अत्यल्प मात्रेतही कळतात. कृत्रिम सुवास बनवणारे यातलेच घटक कारखान्यात तयार करून एकत्र करतात. बाटलीतल्या नारिंगी पेयाचा वास नैसर्गिक असो वा कृत्रिम, त्याचा नमुना सालीचा असतो. रस पिळून आपण नेमकी साल कचऱ्यात टाकतो आणि तिथेच फसतो.

इथे नागपूरकरांना जरा बोचेल अशी एक गोष्ट सांगायला हवी. नागपुरी संत्रं हे सैल सालीच्या 'मँडरिन' गटातलं फळ. जगभरातल्या पेयांना लागणारं बहुतेक संत्रा-तेल मात्र घट्ट सालीच्या गोड संत्र्यांचं असतं. ब्राझीलमधल्या रसाच्या कारखान्यांत ते मोठ्या प्रमाणावर निघतं. आपली मोसंबी याच गटातली. त्यामुळे नुसत्या नागपुरी सालीचं पेय फार सुरेख लागलं, तरी त्याचा वास बाटलीतल्या पेयापेक्षा निराळ्या वळणाचा वाटतो. बाटलीजवळ जायचं असेल तर घट्ट सालीचं केशरी संत्रं घ्यावं किंवा दोन्ही साली मिसळून बघाव्यात.

## तेल पाण्यात राहतं कसं?

वास तेलात आहे आणि पेय पाण्याचं आहे, ही सगळ्यात मोठी अडचण. मिसळीच्या रश्श्यावर तर्री येते तसंच हे. कितीही ढवळा, थोड्या वेळाने तेल वर येऊन बसतं. बाटलीत असं झालं तर मानेशी तेलकट कडं दिसतं. वरचा घोट जहाल लागतो आणि खालचं सगळं नुसतं साखरपाणी.

कारखाने यावर दोन उपाय करतात. पहिला, तेलाचे थेंब अतिसूक्ष्म करायचे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. थेंब निम्म्या व्यासाचा झाला की वर चढायचा वेग चौपटीने कमी होतो. असे थेंब पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून लागतो बाभळीच्या जातकुळीतल्या झाडांचा डिंक. या डिंकात थोडं प्रथिन असतं. त्याला तेल मानवतं आणि उरलेल्या लांबलचक साखळ्यांना पाणी. त्यामुळे प्रत्येक थेंबाला डिंकाचं अस्तर बसतं. या थेंबांवरून प्रकाश विखुरतो आणि पेय किंचित ढगाळ दिसतं. रस नसतानाही रस असल्याचा भास होतो तो यामुळे.

दुसरा उपाय तेल जड करण्याचा. संत्र्याच्या तेलाची घनता ०.८४ च्या आसपास, साखर घातलेल्या पेयाची १.०५. तेलात एखादा जड पदार्थ मिसळून ही तफावत कमी केली की थेंब जिथल्या तिथे तरंगत राहतात. पूर्वी त्यासाठी ब्रोमीन जोडलेलं वनस्पती तेल वापरत. ब्रोमीन शरीरात साठतं, या काळजीने भारताने ते गेल्या शतकातच बंद केलं. अमेरिकेने त्याची परवानगी अखेर २०२४ मध्ये काढून घेतली. आता त्या जागी राळेपासून केलेला एक पदार्थ वापरतात.

घरी यातलं डिंकाचं काम जमतं. लाडवाला वापरतो तो खायचा डिंक चालतो. डिंक कतिरा मात्र घेऊ नका. तो विरघळत नाही, फुगून त्याची जेली होते. आपल्या मिक्सरमध्ये थेंब कारखान्याइतके बारीक होत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी कडं दिसू लागेल. पेय त्याच दिवशी संपवायचं असेल तर त्याने काही बिघडत नाही.

## झिणझिण्या बुडबुड्यांच्या नाहीत

सोड्याचा चटका बुडबुडे फुटल्याने बसतो, असं वाटणं साहजिक आहे. पण संशोधकांनी काही जणांना दाब वाढवलेल्या खोलीत बसवून सोडा प्यायला दिला. त्या दाबाला बुडबुडे तयारच होत नाहीत. चटका तरीही तेवढाच बसला.

खरं काम रसायनाचं आहे. जिभेवरच्या आंबट ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून झटक्यात आम्ल तयार करतं. त्या आम्लाची चव तर लागतेच, शिवाय जळजळ ओळखणाऱ्या नसाही जाग्या होतात. उंच डोंगरांवर जाणारे गिर्यारोहक अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचं औषध घेतात. ते हेच विकर थोपवतं, आणि मग कोकही त्यांना गॅस गेल्यासारखा लागतो.

गॅस किती हे 'पटी'त मोजतात. एक लिटर पेयात दोन लिटर गॅस विरघळलेला असेल तर दोन पट. कोला पेयांत तो साडेतीन-चार पट असतो, नारिंगी पेयांत बहुधा दोन-अडीच पट. म्हणून ती जिभेला मऊ लागतात. हा गॅस टिकतो थंडाव्यामुळे. शून्य अंशाजवळच्या पाण्यात २५ अंशाच्या पाण्याच्या दुपटीहून जास्त कार्बन डायऑक्साइड विरघळतो. कोमट पेयात गॅस उडतो आणि त्याच वेळी गोडी बोचू लागते, कारण जिभेला गोड चव थंडीत कमी कळते. बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या काचेच्या बाटलीतलं पेय चांगलं लागायचं त्यात आठवणीचा भाग असेल, पण भौतिकशास्त्राचाही होता. काचेतून गॅस झिरपत नाही, प्लास्टिकमधून थोडा थोडा झिरपतो.

खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र करून गॅस काढायचा मोह अनेकांना होतो. हिशेब बघा. अडीच पट गॅससाठी लिटरला नऊ ग्रॅमच्या आसपास खायचा सोडा लागेल आणि त्यातून सुमारे अडीच ग्रॅम सोडियम पेयात उतरेल. दिवसभरात दोन ग्रॅमहून जास्त सोडियम नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय आंबटपणा मारला जाऊन पेय खारट आणि साबणासारखं लागतं ते वेगळंच. त्यापेक्षा दुकानातला बाटलीबंद सोडा किंवा घरी सोडा करायचं यंत्र बरं. काचेच्या बंद बाटलीत गॅस कोंडण्याचे प्रयोग अजिबात करू नयेत, बाटली फुटते.

## डोळ्यांनी लागणारी चव

रंगाला चव नसते, तरी तो चव बदलतो. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चेरीच्या सुवासाच्या पेयाला नारिंगी रंग दिला होता, आणि ते संत्र्याचं आहे असं सांगणारे कितीतरी जण निघाले. बिनरंगाचं नारिंगी पेय पुढे ठेवलं तर उत्तम वाससुद्धा ओळखीचा वाटत नाही.

व्यावसायिक पेयांत 'सनसेट यलो' हा परवानगी असलेला रंग वापरतात, त्याची मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम. घरी रंग घालायचाच तर पाकिटावर नाव आणि परवाना छापलेला, चिमटीच्याही चिमटीइतका घ्यावा. सुट्या पिवळ्या-केशरी पुड्यांच्या वाटेला जाऊ नये.

## घरी करायचं तर

लिटरभर पेयाला साधारण १७० मिलिलिटर पाक आणि ८३० मिलिलिटर सोडा. हे एकास पाचाचं प्रमाण कारखान्यातही चालतं.

घट्ट सालीचं एक मोठं संत्रं कोमट पाण्याने घासून धुवा, वरचं मेण जायला हवं. बारीक किसणीवर फक्त केशरी भाग किसा. पांढरा भाग आला की कडवटपणा आलाच. हा कीस १२० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळा. साखरेचे कण तेलाच्या पिशव्या फोडतात आणि साखर तेल ओढून घेते. झाकून तीन-चार तास ठेवलं की साखर ओलसर, पिवळसर होते आणि झाकण उघडताच घमघमाट येतो.

दोन ग्रॅम डिंकाची पूड ९५ मिलिलिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्या. त्यात ही साखर आणि दीड ग्रॅम लिंबूसत्त्व घालून चमच्याने ढवळा. पाक उकळू नका. जे उडून जातं तोच तर आपल्याला हवा असलेला वास आहे. साखर विरघळली की मलमलच्या फडक्यातून गाळा, मिक्सरमधून मिनिटभर फिरवा आणि फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. पाक, सोडा आणि ग्लास तिन्ही गार हवेत. आधी पाक, मग ग्लासच्या कडेने सोडा, आणि चमचा एकदाच फिरवायचा.

पाक फार दिवस ठेवू नये. लिमोनीनचा हवेशी संबंध आला की त्याला टर्पेंटाइनसारखा वास येऊ लागतो. नागपुरी संत्र्याचा अंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो आणि मृग बहार उन्हाळ्याच्या तोंडाशी, त्यामुळे नागपुरी साल मिसळून बघायला वर्षातून दोन संधी मिळतात.

## जवळ पोचलो हे कळावं कसं?

तुलना करायला मूळ बाटली नाही. 'तसंच लागतंय का?' असं विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर त्या दिवशीच्या मूडवर ठरतं. माणसाला चवीची मोजमापं लक्षात राहत नाहीत, पण दोन चवींतला फरक चांगला कळतो. म्हणून ज्यांनी गोल्ड स्पॉट भरपूर प्यायलंय, अशा मावशी-काकांपुढे एका वेळी दोनच ग्लास ठेवा. त्यांत एकच गोष्ट वेगळी असू द्या, समजा अर्धा ग्रॅम लिंबूसत्त्व. कोणत्या ग्लासात काय आहे ते सांगू नका. फक्त विचारा, यातलं जवळचं कुठलं? जिंकलेला ग्लास ठेवायचा आणि पुढच्या खेपेला दुसरी गोष्ट बदलायची.

असं करत गेलं की गोडी, आंबटपणा आणि गॅस लवकर जमतात. त्यांचे आकडे सगळ्यांचे जवळपास सारखेच निघतील. घासाघीस उरते ती सालीची: कुठलं फळ, किती पिकलेलं, किती कीस. पैसे मोजून ब्रँड विकत घेणाऱ्याच्या हाती लागतं तेही मुख्यतः हेच, लिटरला दोन-तीन थेंब वास. बाकी साखर आणि सोडा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतो.

---

चौकट: थोडक्यात

- गोडी: लिटरला १२० ग्रॅम साखर.
- आंबटपणा: दीड ते दोन ग्रॅम लिंबूसत्त्व. दीडपासून सुरुवात.
- वास: एका संत्र्याच्या सालीचा केशरी कीस, साखरेत चोळून. रस नको, उकळणं नको.
- तेल धरून ठेवायला: दोन ग्रॅम खायचा डिंक. कतिरा चालत नाही.
- गॅस: बाटलीबंद किंवा यंत्राचा गार सोडा. खायचा सोडा नको.
- रंग: हवा असल्यास परवानाधारक खाद्यरंग, अगदी कणभर.
- नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन ग्लासांची तुलना करा.